वस्तादांनी देऊन टाकलेला डाव

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध वस्ताद राहत होते, आणि त्या गावच्या शाळेला फुटबॉलमध्ये कोणी हरवू शकत नव्हतं. एखाद दुसरं वर्ष नव्हे, ओळीनं नऊ वर्षं. जिल्ह्याचा चषक फिरता म्हणून ठेवलेला, पण तो फिरायचं विसरूनच गेला होता.

शाळा पाहाल तर अगदी साधी. कौलारू सहा खोल्या, पुढं मुरमाड मैदान. गोलच्या खांबांना जाळी नाही, बॉल गेला की थेट मागच्या उसात. पोरं ऊस बाजूला सारत बॉल शोधायची आणि येताना एखादं कांडं मोडून आणायची. वस्ताद तिकडं काणाडोळा करायचे. वय सत्तरीच्या पुढं गेलेलं. धोतर, सदरा, आणि पायात कुठल्याशा पोराचे जुने फुटबॉलचे बूट. उभा जन्म त्यांनी तालमीत कुस्ती शिकवली, आणि म्हातारपणी गावानं ही पोरं त्यांच्या ओटीत घातली.

लोक आपापल्या परीनं कारणं शोधत. कोणी म्हणे नदीच्या पाण्याचा गुण आहे. कोणी म्हणे म्हातारा अंगारा लावतो. ज्यानं त्यानं आपल्या बुद्धीप्रमाणे सांगावं.

नदीपल्याड तालुक्याच्या गावी एक मोठी शाळा होती. तिथं एक तरुण क्रीडाशिक्षक होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर मनापासून राबणारे. शाळेत बूट होते, जाळ्या होत्या, सहा-सहा बॉल होते. तरी लागोपाठ दोन वर्षं अंतिम सामन्यात त्यांची पोरं वस्तादांच्या पोरांकडून हरली होती. त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष गुळाचे व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता, पण रिकामी जागा दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटायची. एके दिवशी त्यांनी मास्तरांना पेढीवर बोलावून घेतलं.

"मास्तर, भर बाजारपेठेतली जागा तुमच्या खेळासाठी अडवून ठेवली आहे मी. कशासाठी? दरवर्षी दुसरं यायला? या वर्षी चषक आणा. नाही आला तर मैदानावर गाळे बांधायला घेतो. पोरांनी पळायचं तर रस्ता आहे की."

 त्या मैदानावर मास्तर स्वतः लहानाचे मोठे झाले होते. तिथं दुकानांची शटरं वर होताना बघायची, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, नाव धरली आणि वस्तादांपुढं जाऊन उभे राहिले.

"वस्ताद, शिकायला आलोय."

वस्तादांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आलासा? बरं झालं. बसा की त्या कट्ट्यावर. च्या सांगू का?"

"चहा नको. तुमची पोरं का जिंकतात, तेवढं सांगा."

"मग च्या घ्याच. त्याला येळ लागंल."

मास्तर चार दिवस कट्ट्यावर बसले. हातात वही. पहाटे पोरं किती फेऱ्या मारतात, उठाबशा किती, पास कसा देतात, न्याहारीला काय खातात, सगळं टिपून घेतलं. पण जे दिसलं ते सगळं त्यांच्या शाळेतही चालत होतं. उलट त्यांची पोरं दोन फेऱ्या जास्तच मारत होती. एक गोष्ट मात्र त्यांनी टिपली नाही, कारण ती त्यांना टिपण्याजोगी वाटली नाही. दहावीतलं प्रत्येक पोरगं एकेका लहान पोराला घेऊन संध्याकाळी त्याच्याकडून खेळ घोटून घेत बसायचं. बॉल अडवणारा अडवणाऱ्याला, मारणारा मारणाऱ्याला. मास्तरांना वाटलं, वस्ताद म्हातारे झाले, त्यांच्यानं एवढी पोरं आवरत नाहीत, म्हणून मोठ्यांच्या गळ्यात घातली असतील.

चौथ्या दिवशी मास्तरांचा धीर सुटला. आपल्याकडं एक म्हण आहे, वस्ताद सगळं शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो. ती मास्तरांच्या डोक्यात चार दिवस घोळत होती.

"वस्ताद," ते म्हणाले, "मी काही दुधखुळा नाही. हे फेऱ्या-बिऱ्या सगळं वरवरचं. राखलेला डाव दाखवा की."

वस्ताद हसले. हसताना खांदे हलले. "एवढंच व्हय? मग पैल्याच दिशी म्हणायचं न्हाई का. चार दीस कशाला ऊन खाल्लंसा?"

त्यांनी कप्तानाला हाक मारली आणि ज्या डावावर गेल्या साली चषक जिंकला होता तो उभा करायला सांगितला. कॉर्नरवरून बॉल उंच न मारता जमिनीलगत यायचा. पहिलं पोरगं तो मारण्याचा पुरता आव आणायचं, समोरची दोन-तीन पोरं त्याच्यावर तुटून पडायची, आणि ऐन वेळी ते बॉल पायांतून सोडून द्यायचं. मागून उजवीकडनं धावत आलेला दुसरा तो थेट गोलात घालायचा. दिसायला सोपं, पण कोण कधी निघतो यात सगळी खुबी.

"कळलं का?" वस्ताद म्हणाले. "रविवारी तुमची पोरं घिऊन या. माझी पोरं हाताला धरून शिकवतील."

मास्तरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. सामना पंधरा दिवसांवर आलेला, आणि म्हातारा आपलाच हुकमी डाव समोरच्याच्या हातात देतोय? त्यांनी कप्तानाकडं पाहिलं. वाटलं, निदान हे पोरगं तरी चिडेल. पण ते डोकं खाजवत आपल्या सोबत्यांना म्हणत होतं, "चला गड्यांनो, ह्यो डाव बी गेला. आता नवीन हुडकाय लागणार."

"यंदा लई लवकर गेला की रं," दुसरा म्हणाला, आणि सगळी हसली.

रविवारी मास्तर आले, पण सोळा पोरांपैकी निवडक सहाच घेऊन आले. त्यांत त्यांचा हिरा म्हणजे दिग्विजय, दहावीतला, अंगानं सडपातळ आणि पायानं वाऱ्यासारखा. वस्तादांनी विचारलं, "बाकीची कुठं हायत?" मास्तर म्हणाले, "त्यांना काय कळतंय. उगीच चौकात बोभाटा करतील."

वस्ताद "हं" म्हणाले. बस, तेवढंच.

पुढचे दोन आठवडे ती सहा पोरं त्या डावाचा सराव करत होती. कुठं, तर अध्यक्षांच्या रिकाम्या गुळाच्या गोदामात, शटर अर्धं ओढून. बॉलला काकवी चिकटायची, माश्या घोंगावायच्या, तरी मास्तरांना बरं वाटायचं की कोणी बघत नाही. उरलेली दहा बाहेर मैदानावर फेऱ्या मारायची. त्यांत बिरदेव नावाचं एक पोरगं होतं. मेंढपाळाचं, कमी बोलणारं. तीन वर्षं संघात होतं, पण खेळायला असं कधी मिळालं नव्हतं.

एकदा ते गोदामाच्या दारापर्यंत आलं. "सर, आत काय चाललंय?"

"तुझ्या कामाचं नाही. तू पळ."

ते निमूट पळायला गेलं. दिग्विजय मात्र आतून ओरडला, "बिऱ्या, लांबच ऱ्हा, न्हाईतर मुंगळं लागतील!" आणि सहाही जण हसली.

सामन्याच्या दिवशी दोन्ही गावं लोटली. एका अंगाला अध्यक्ष शेठ पांढरी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. दुसऱ्या अंगाला वस्ताद मैदानाच्या कडेला उकिडवे बसले होते. 

विसाव्या मिनिटाला मास्तरांच्या शाळेला कॉर्नर मिळाला. बॉल जमिनीलगत आला, पहिल्यानं सोडला, मागून दिग्विजय आला आणि गोल! असा गोल की गोलकीपर जागचा हलला नाही. अर्धं मैदान उठून नाचू लागलं. शेठनी टोपी उडवली. मास्तरांना वाटलं, आता त्या म्हाताऱ्याचा चेहरा बघावा. बघतात तर वस्ताद टाळ्या वाजवत होते, आणि शेजारच्याला सांगत होते, "बघितलंस? पाय कसा टाकला! ब्येस!"

मध्यंतरानंतर पुन्हा कॉर्नर मिळाला. पुन्हा तोच डाव. पण या वेळी वस्तादांच्या कप्तानानं हाळी दिली, "सोडणार हाय रं, मागचा धरा!" आणि मागचा धरला. बॉल त्यांच्या ताब्यात गेला, आणि पुढं जे झालं ते मास्तरांच्या वहीत कुठंच नव्हतं. तिघं जण एका रेषेत धावले, मधला थांबला, कडेचा आत शिरला आणि क्षणात बरोबरी झाली. पंधरा दिवसांपूर्वी हा डाव त्या पोरांजवळ नव्हता. जुना गेला म्हणून त्यांनी तो हुडकून काढला होता.

पंधरा मिनिटं उरली असताना दिग्विजय खाली बसला. पोटरीत गोळा आला होता. दोघांनी त्याचा पाय ताणून धरला, तो उठला आणि लंगडतच म्हणाला, "सर, मी खेळतो. काढू नका."

"काढू नका त्याला!" शेठ खुर्चीवरून ओरडले. "मास्तर, त्याला काढलंत तर सगळं संपलं!"

मास्तरांनी कडेला बसलेल्या आपल्या पाच पोरांकडं पाहिलं. गुडघ्यांभोवती हात आवळून ती बसली होती, परक्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीची वाट बघावी तशी. आपली शाळा हरतेय की जिंकतेय, याचा कुठलाच ताप त्यांच्या तोंडावर नव्हता. मग मास्तरांची नजर पलीकडं गेली. वस्तादांच्या राखीव पोरांतला एक जणही बसलेला नव्हता. रेषेवर उभं राहून जो तो आपापल्या जागेवरच्याला ओरडून सांगत होता. "डावीकडं!" "मागं बघ, मागं!" त्यांच्यातला एक दमून बाहेर आला, तर त्याच्या जागी जाणाऱ्याचा खांदा धरून, रेषेपर्यंत चालत, त्याच्या कानात बोलत होता. आत गेलेलं पोरगं पहिल्यापासून तिथंच असल्यासारखं खेळू लागलं. माणूस बदलला, हे बॉललासुद्धा कळलं नसेल.

मास्तर तिथं उभे राहिले. एका बाजूला मैदान जाणार होतं. दुसऱ्या बाजूला ही पाच पोरं होती, ज्यांना त्यांनी तीन वर्षं नुसतं पळवलं होतं. आणि लंगडणारं ते एक पोरगं होतं, ज्याच्या एका पायावर त्यांनी अख्खी शाळा उभी केली होती.

"दिग्विजय, बाहेर ये," ते म्हणाले. "बिरदेव, ऊठ. सगळेच उठा. इकडं या."

त्यांनी तिथंच, रेषेच्या कडेला, सगळ्यांदेखत तो डाव सांगायला सुरुवात केली. आवाज काही खाली केला नाही. समोरच्या गावची माणसं कान देऊन ऐकत होती, तर ऐकू दे. पंच ओरडले, "मास्तर, शाळा मागनं भरवा! कुणाला तरी आत पाठवा!"

मास्तरांना शब्द सुचेनासे झाले, तेव्हा दिग्विजयनंच बिरदेवची मान धरून जवळ ओढली. "ऐक बिऱ्या. त्यांना आता ठाऊक हाय की मागचा उजवीकडनं येतोय. तू उजवीकडनं जाऊ नकोस. डावीकडनं जा. आणि बॉल दिसला की इचार करू नको, हाण."

हे डावीकडचं मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं. ते पोराला तिथल्या तिथं सुचलं होतं.

बिरदेव आत गेला. दरम्यान वस्तादांच्या पोरांनी आणखी एक गोल केला. दोन-एक. अगदी शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. बॉल जमिनीलगत आला, पहिल्यानं सोडला, सगळ्या नजरा उजवीकडं गेल्या आणि डावीकडनं बिरदेव आला. त्यानं विचार केला नाही. हाणला. बॉल खांबावर असा आदळला की खांब कितीतरी वेळ घुमत राहिला, आणि बॉल बाहेर गेला.

कडेला उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडून एकदम "आई गं!" निघालं. दिग्विजयनं आपलं कपाळ बडवून घेतलं. शिट्टी झाली. चषक याही वर्षी वस्तादांच्याच गावी राहिला. पण मास्तर बघतात तर त्यांची राखीव पोरं धावत आत गेली होती आणि बिरदेवला त्यांनी उचलून घेतलं होतं, जणू गोल झाला होता.

गर्दी पांगल्यावर मास्तर वस्तादांपाशी गेले. शेठही मागोमाग आले आणि जरा अंतर राखून उभे राहिले.

"वस्ताद, एवढं सांगा. तुम्ही तुमचाच डाव मला दिलात. त्यानंच तुम्ही हरला असतात तर?"

"हारलो असतो की. त्यात काय?" वस्ताद म्हणाले. मग हळूहळू, एकेक शब्द शोधत ते बोलू लागले. "मास्तर, मी तालमीत हुतो तवा मीबी एक डाव राखला हुता. तीस वर्सं. माझा कुठलाच पठ्ठ्या मला कधी पाडू शकला न्हाई, आणि त्याचा मला लई माज. पुढं गुडघा गेला. मी बसलो ते बसलोच. दुसऱ्या तालमीचं पैलवान आलं की आमची पोरं पडायची, आणि त्यावरचा तोड माझ्या पोटात. शिकवाय अंगात बळ न्हाई. वरसाभरात तालीम मोडली. तो डाव म्या राखला, पण त्यानं माझी तालीम राखली न्हाई. म्हणून हितं आलो तवा ठरवलं, जे येतंय ते मागच्याला द्यायचं. मोठ्यानं धाकट्याला द्यायचं. आणि वरसातनं येकदा, जो कोण मागाय येईल त्या भाईरच्यालाबी द्यायचं. दिलं की हात रिकामा हुतो. रिकाम्या हाताला गप बसवत न्हाई बघा, ते नवीन हुडकतंय. तुमचं ते लंगडं पोरगं आज हुडकत हुतं. म्या बघितलं."



शेठनी घसा खाकरला. मास्तर त्यांच्याकडं वळले. "शेठ, चषक आणला नाही. मैदानाचं तुम्ही ठरवाल ते."

 शेठ टोपीवरची माती झटकत राहिले. "ते शेवटी खांबाला मारलं ते पोरगं कुणाचं?"

"बिरदेव. माळावरच्या मेंढपाळाचा."

"आपल्या शाळेत कधीपासनं आहे?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं? आणि मला ते आजच दिसलं?"

"मलाही, शेठ," मास्तर म्हणाले. "मलाही आजच दिसलं."

शेठनी पुन्हा टोपी झटकली. तिच्यावर आता माती उरलेली नव्हती. "गाळे काय," ते म्हणाले, "गाळे कधीही बांधता येतात."

सोमवारी पहाटे मास्तरांच्या मैदानावर सोळा पोरं नव्हती. पाचवीपासून दहावीपर्यंत ज्याला यायचं तो आला होता. पंचेचाळीस भरली. पाय बांधलेला दिग्विजय खुर्ची टाकून बसला होता आणि चार लहानग्यांना दम देऊन शिकवत होता. मास्तर मुद्दाम लांब उभे राहिले.

त्या वर्षी चषक आला नाही. पुढच्याही वर्षी आला नाही. शेठ अधूनमधून सुस्कारा टाकायचे, पण संध्याकाळी येऊन कठड्याला टेकून बघत राहायचे. त्यांना पोरांची नावं पाठ झाली होती.

तिसऱ्या वर्षी मास्तरांची शाळा जिंकली. समोर वस्तादांचीच पोरं होती, आणि तीही काही कमी खेळली नव्हती. निर्णायक गोल ज्यानं केला तो आठवीतला होता, आणि त्याला शिकवलं होतं बिरदेवनं.

वस्तादांना आता काठीशिवाय उठवत नव्हतं. त्यांच्याच गावचा कोणी तरी चेष्टेनं म्हणाला, "काय वस्ताद, बारा वर्सांत पैल्यांदा चषक गेला की वो! देऊन देऊन ही गत झाली."

वस्तादांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मैदानात पंचेचाळीस पोरांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं होतं, आणि त्यांना उतरायचं होतं पण पोरं उतरू देत नव्हती. वस्ताद बराच वेळ तिकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरगी दिल्या घरी नांदाय लागली, तर बापानं रडायचं का मिरवायचं, सांग बघू?"

 आणि वस्ताद काठी टेकत, कोणाचा हात न धरता, ताठ मानेनं आपल्या हरलेल्या पोरांकडं चालू लागले. पोरं रेषेवर उभीच होती, आणि त्यांतली मोठी धाकट्यांना कायसं समजावून सांगत होती.